आई-बाबांना घेऊन बेसबॉलला: मायनर लीगची पहिली वारी

उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एक ठरलेला पेच पडतो. भारतातून आई-बाबा आलेले असतात. पहिल्या दोन महिन्यांत नायगरा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर उरकतं. मग जुलै उजाडतो, आपण कामाला जातो आणि बाबा डेकवर खुर्ची टाकून शेजारी गवत कसं कापतो ते बघत बसतात. आमच्याकडचा हा पेच सुटला तो त्याच ब्रिजवॉटरमधल्या एका छोट्या बेसबॉल स्टेडियमवर. तिकीट सिनेमाच्या तिकिटाच्या आसपास, आणि समोर अडीच-पावणेतीन तास असा खेळ, की ज्यातलं निम्मं क्रिकेट बघितलेल्या माणसाला आपोआप कळतं आणि उरलेल्या निम्म्यावर वाद घालता येतो. बाबांना वाद घालायला मिळाला म्हणजे संध्याकाळ सत्कारणी लागली.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात फोन करून विचारतं, "कसं जायचं, तिथे करायचं काय?" दरवेळी तेच सांगतो. यंदा लिहूनच काढलं.

आधी, हे मायनर लीग म्हणजे काय

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. टीव्हीवर दिसणारे यांकीज, मेट्स, डॉजर्स ते हे. या प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संघ असतात, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२०. २०२० पर्यंत ते १६० होते. २०२१ च्या फेररचनेत चाळीसेक गावं या साखळीतून बाहेर पडली आणि त्यांतल्या काही गावांत त्याची हळहळ अजून ऐकू येते. या व्यवस्थेला तिकडे 'फार्म सिस्टिम' म्हणतात. ब्रँच रिकी नावाच्या माणसाने १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्ससाठी ती बसवली: तयार खेळाडू महागात विकत घेण्यापेक्षा छोट्या गावांतून स्वतःची रोपवाटिका लावायची.

यातली एक गोष्ट समजली की बाकी सगळं समजतं. खेळाडूचा पगार वरचा संघ देतो. तो कुठे खेळणार, किती चेंडू टाकणार, वर कधी जाणार हेही वरूनच ठरतं. गावातला मालक चालवतो ते स्टेडियम, तिकिटं, खाणं आणि करमणूक. तुमचा सगळ्यात चांगला खेळाडू ऐन रंगात आलेला असताना उद्या सकाळी उचलून नेला जाऊ शकतो आणि तुम्ही हूं की चूं करू शकत नाही. जिंकणं-हरणं गावाच्या हातात नाही, म्हणून गाव आपली सगळी हौस इतर गोष्टींवर भागवतं. नावं, मास्कॉट (संघाचं सोंग घेतलेलं पात्र), फटाके, मधल्या वेळातल्या शर्यती. अंगावर जत्रा असते, आत उमेदवारी चाललेली असते. प्रेक्षकाने दोन्ही बघायचं.

पहिली पायरी: संघ निवडा

न्यू जर्सीत असाल तर सोपं आहे. ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स, यांकीजचा डबल-ए संघ. स्टेडियम १९९९ चं. २०२० पर्यंत संघ स्वतंत्र लीगमध्ये होता, मग यांकीजच्या साखळीत आला. एनजे ट्रान्झिटचं ब्रिजवॉटर स्टेशन स्टेडियमला अगदी लागून आहे, त्यामुळे गाडी नसलेल्या नव्या मंडळींनाही जमतं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी बघून ठेवा. मॅच जादा इनिंगमध्ये गेली की फजिती होते. लेकवूडला जर्सी शोर ब्लूक्लॉज हा फिलीजचा हाय-ए संघ आहे. न्यूयॉर्ककडच्यांनी ब्रुकलिन सायक्लोन्स बघावेत: मेट्सचा हाय-ए संघ, कोनी आयलंडला समुद्राकाठी. भिंतीपलीकडे पाळणे फिरताना दिसतात आणि सबवेच्या शेवटच्या स्टेशनापासून चालत जाता येतं. जुलैमध्येही तिथे रात्री वारा सुटतो. आईंसाठी शाल घ्या.

इतर ठिकाणच्या मराठी मंडळींसाठी: डॅलसकडे फ्रिस्को रफरायडर्स (तिथे मैदानाच्या उजव्या टोकाला पाण्यात तरंगत मॅच बघायची सोय आहे, ही माझी कल्पना नव्हे), ह्यूस्टनजवळ शुगर लँड स्पेस काउबॉइज, बे एरियात सॅन होजे जायंट्स, आणि नॉर्थ कॅरोलायनात केरी-मॉरिसव्हिलच्या लोकांसाठी डरहॅम बुल्स. मॉरिसव्हिलला तर चर्च स्ट्रीट पार्कवर २०२३ आणि २०२४ मध्ये मेजर लीग क्रिकेटही झालं, म्हणजे तेव्हा एकाच आठवड्यात दोन्ही बघून बाबांकडून तुलनात्मक अभ्यास करून घेता आला असता.

पहिल्यांदा जाताना कुठली पायरी बघावी? माझं मत डबल-ए. सिंगल-एमध्ये चुका फार होतात, त्या बघायला मजा येते, पण खेळ समजून घ्यायचा असेल तर गोंधळ उडतो. ट्रिपल-एमध्ये वर जाऊन परत आलेले, थोडे वैतागलेले अनुभवी लोक बरेच असतात. डबल-एमध्ये अंगात खेळ असलेली, अजून आशा न सोडलेली पोरं दिसतात.

दुसरी पायरी: दिवस

हंगाम मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरपर्यंत. एकाच पाहुण्या संघाशी मंगळवार ते रविवार सलग सहा सामने, सोमवारी सुट्टी, अशी साधारण घडी २०२१ पासून बसलेली आहे. एप्रिलच्या रात्रीला जाऊ नका. न्यू जर्सीत एप्रिलला वसंत म्हणतात खरं, पण स्टेडियमच्या लोखंडी कठड्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं.

बऱ्याच ठिकाणी शुक्रवारी मॅचनंतर फटाके, गुरुवारी स्वस्त बिअर, रविवारी मॅच संपल्यावर लहान मुलांना बेसभोवती (धाव पुरी करायला क्रमाने गाठायचे कोपरे) पळू देतात. गुरुवारच्या स्वस्त बिअरची 'थर्स्टी थर्सडे' ही कल्पना नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल टूरिस्ट्स या संघाची. त्या नावाचा ट्रेडमार्कही त्यांनी घेऊन ठेवलाय. आई-बाबा आणि नातवंडं बरोबर असतील तर गुरुवार टाळा, रविवार घ्या. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी अकराच्या सुमाराला मॅच दिसली तर ती शाळेच्या किंवा कॅम्पच्या मुलांसाठी असते. हजारो मुलं एका सुरात किंचाळत असतात. मी एकदा गेलो, पुन्हा नाही.

तिसरी पायरी: जागा

तिकीट दहा ते वीस डॉलरच्या आसपास पडतं आणि वाईट अशी जागा नसतेच. तरी दोन गोष्टी बघा.

एक, ऊन. बेसबॉलच्या नियमपुस्तकातच सुचवलंय की होम प्लेटकडून (बॅटर उभा राहतो ती जागा) दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी, म्हणजे संध्याकाळचा सूर्य बॅटरच्या डोळ्यांत जाणार नाही. तो प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. अशा मैदानावर होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली लवकर येते. पहिल्या बेसच्या आणि राइट फील्डच्या बाजूचे लोक कपाळावर हात धरून बसतात. सगळी मैदानं असं ऐकत नाहीत, म्हणून नकाशावर दिशा बघून घ्या.

दोन, गुडघे. अलीकडच्या पुष्कळ स्टेडियममध्ये गेटमधून आत आलं की आपण वरच्या पातळीवर असतो आणि खुर्च्यांच्या ओळी खाली मैदानाकडे उतरत जातात. पुढची ओळ म्हणजे चांगली जागा हे खरं, पण प्रत्येक वेळी स्वच्छतागृहाला जायला तेवढ्या पायऱ्या चढायच्या. ज्येष्ठांबरोबर असाल तर वरची ओळ, कडेची खुर्ची. दिसायला काही कमी पडत नाही. लॉनचं तिकीट सगळ्यात स्वस्त. सतरंजी टाकून बसायचं. आईला ते फार आवडलं. बाबांना उठताना आवडलं नाही.

पाऊस आला तर घाबरू नका. मैदानावर ताडपत्री पसरतात आणि थांबतात. सामना झालाच नाही तर बहुतेक ठिकाणी तेच तिकीट दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला चालतं.

चौथी पायरी: पिशवी आणि पोट

बॅगेचे नियम प्रत्येक स्टेडियमचे वेगळे आणि दरवर्षी बदलणारे. एका ठिकाणी आमची पोहे-चिवड्याची पिशवी गेटवरूनच गाडीत परत ठेवायला लावली आणि त्यात पहिली इनिंग गेली. संघाच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री बघा: पारदर्शक पिशवी लागते का, पाण्याची बाटली चालते का. पुष्कळ ठिकाणी आत रोख पैसे घेतच नाहीत, कार्ड लागतं.

शाकाहारी माणसाचे हाल होतात असं लोक सांगतात. ते फारसं खरं नाही. भाजलेल्या शेंगा हे या खेळाचं अधिकृत खाणं. कवच पायाशी टाकायचं, कुणी काही म्हणत नाही; जमिनीवर शेंगांचा कचरा करायची परवानगी मिळाल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. शिवाय प्रेट्झेल, पॉपकॉर्न, नाचोज, फ्राइज. आणि छोट्या प्लॅस्टिकच्या हेल्मेटमध्ये मिळणारं आइस्क्रीम, ज्याचं हेल्मेट धुऊन घरी आणायचं असतं. आमच्याकडे त्यात आता हळद-कुंकू ठेवलेलं असतं. शेंगांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र चौकशी करून जावं. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या संघाने २०१९ मध्ये आपलं अख्खं स्टेडियम शेंगामुक्त केलं.

पाचवी पायरी: क्रिकेटवाल्यासाठी नियम

गाडीत जाता जाता सांगून होतात.

पिचर म्हणजे बोलर, पण टप्पा नाही. ६० फूट ६ इंचांवरून सगळेच फुलटॉस. बॅटरसमोर हवेत एक न दिसणारी चौकट धरा: रुंदी होम प्लेटएवढी म्हणजे १७ इंच, उंची साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंत. चेंडू तिच्यातून गेला, किंवा बॅट फिरवून हुकला, की स्ट्राइक. बाहेरून गेला आणि बॅटरने सोडून दिला तर 'बॉल'. तीन स्ट्राइकला आउट, चार बॉलला पहिल्या बेसवर फुकट प्रवेश. होम प्लेटपासून निघालेल्या दोन पांढऱ्या रेषांच्या बाहेर मारलेला चेंडू फाउल. म्हणजे तेंडुलकरचा पॅडल स्वीप इथे फाउल, लेट कट फाउल, कीपरच्या डोक्यावरून उडवलेला फटका फाउल. फाउललाही स्ट्राइक धरतात, पण एरवी तिसरी स्ट्राइक फाउलवर देत नाहीत. म्हणून एखादा चिवट बॅटर फाउलवर फाउल मारत पिचरला दमवतो. बाबांना हे पहिल्याच दिवशी कळलं: "हा द्रविड आहे."

मैदानात मारला की पळावंच लागतं, 'नको' म्हणायची सोय नाही. झेल घेतला तर आउट. जमिनीवरून गेला आणि तुम्ही पोहोचायच्या आत चेंडू पहिल्या बेसवर पोहोचला तरी आउट. तीन आउट झाले की बाजू बदलते, अशा नऊ इनिंग. नव्या माणसाचा खरा गोंधळ वेगळ्याच ठिकाणी होतो: आउट झालेला बॅटर थोड्या वेळाने परत येतो. नऊ जणांचं चक्र फिरत राहतं, आउट झाला म्हणून कुणी दिवसभर पॅव्हेलियनमध्ये बसत नाही. यजमान संघ नेहमी नंतर बॅटिंग करतो आणि नवव्या इनिंगच्या मध्याला पुढे असेल तर सामना तिथेच संपतो. अनिर्णित हा प्रकार नाही. बरोबरी झाली तर जादा इनिंग, आणि २०१८ पासून मायनर लीगमध्ये जादा इनिंग दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करून सुरू करतात. मेजर लीगने हे २०२० मध्ये उचललं.

असं उचलणं नेहमीचंच. मायनर लीग ही नव्या नियमांची प्रयोगशाळाही आहे. मैदानात टिकटिकणारं घड्याळ दिसेल, पिचरने किती सेकंदांत चेंडू टाकायचा ते दाखवणारं. डबल-ए आणि ट्रिपल-एमध्ये ते २०१५ पासून आहे, मेजर लीगमध्ये २०२३ ला आलं आणि तिथले सामने सरासरी वीसेक मिनिटांनी लहान झाले. ट्रिपल-एच्या सगळ्या मैदानांवर २०२३ पासून स्ट्राइकचा निवाडा करणारी यंत्रणाही आहे. अंपायरचा निर्णय पटला नाही की खेळाडू डोक्यावर थाप मारून दाद मागतो, आपल्या डीआरएससारखी. मेजर लीगने ती २०२६ च्या हंगामासाठी स्वीकारली. परंपरा-परंपरा म्हणणाऱ्या खेळाची परंपरा अशी खालच्या मजल्यावर मोडून-जोडून वर जाते, हे मला फार गमतीचं वाटतं.

सहावी पायरी: पेन्सिल घ्या

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि नवखे लोक नेमकी हीच गाळतात.

स्कोअरकार्ड विकत घ्या किंवा घरून छापून न्या. प्रत्येक फील्डरला ठरलेला आकडा आहे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट अनुक्रमे ७, ८, ९. शॉर्टस्टॉप हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला चपळ माणूस. संघातला सगळ्यात देखणा फील्डर बहुधा तोच. त्याने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्याने पहिल्याला, आणि दोघे आउट झाले, तर लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउटला इंग्रजी 'के' अक्षर. बॅट न फिरवता आउट झाला तर तेच अक्षर उलटं.

हे सगळं रुजवलं हेन्री चॅडविक नावाच्या वार्ताहराने. तो १८२४ साली इंग्लंडमध्ये एक्सेटरला जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला आणि आधी क्रिकेटचे वृत्तांत लिहायचा. १८५० च्या दशकात बेसबॉलच्या प्रेमात पडला आणि क्रिकेटच्या धावफलकाची सवय सोबत घेऊन गेला. बेसबॉलचा 'बॉक्स स्कोअर' आणि ते 'के' अक्षर ही त्याची देणगी. म्हणजे बाबा हातात पेन्सिल घेऊन बसतात तेव्हा परक्या घरी बसलेले नसतात. रेडिओवर कॉमेंटरी ऐकत वहीत धावफलक लिहिलेल्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. आमच्या बाबांनी तिसऱ्या इनिंगपर्यंत आकडे पाठ केले आणि पाचव्या इनिंगला स्टेडियमच्या फलकावरची चूक शोधली. ती चूक नव्हती. पण तो वाद घरी येईपर्यंत पुरला.

सातवी पायरी: रीत

सुरुवातीला राष्ट्रगीत होतं. उभं राहायचं, टोपी काढायची.

फाउल चेंडू प्रेक्षकांत आला तर तो तुमचा. आपल्याकडे चेंडू परत मैदानात टाकावा लागतो, त्यामुळे पहिल्या वेळी आपला माणूस सवयीने परत फेकतो आणि आजूबाजूचे हळहळतात. ठेवून घ्या, किंवा शेजारच्या लहान मुलाला द्या. मोठ्या माणसाने मुलाच्या हातातून चेंडू ओढून घेणं ही इथली सगळ्यात मोठी बेअदबी. आणि जाळीच्या बाहेरच्या जागेवर असाल तर चेंडू टाकला जात असताना फोनमध्ये डोकं घालू नका. तो चेंडू टणक असतो आणि 'सांभाळा' म्हणायला वेळ देत नाही.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं स्टेडियम उठून हातपाय ताणतं आणि 'टेक मी आउट टू द बॉल गेम' म्हणतं. हे १९०८ चं गाणं. शब्द लिहिणाऱ्या जॅक नॉर्वर्थने तोवर एकही सामना पाहिला नव्हता असं सांगतात. शेंगांचा उल्लेख त्यात आहे. चाल दोनदा ऐकली की येते; आईने टाळ्यांचा ठेका धरला तो थेट आरतीचा होता आणि बसला.

स्वाक्षरी हवी असेल तर गेट उघडताच जा आणि डगआउटजवळच्या (खेळाडू बसतात ती जागा) कठड्यापाशी उभे राहा. मुलांना पुढे करा, नाव माहीत नसेल तर पाठीवरचा आकडा आणि आधी छापील यादी बघा. मेजर लीगमध्ये ज्यांच्या स्वाक्षरीला उद्या पैसे पडतील ते इथे 'थँक यू' म्हणून सही देतात.

थोडं नावांविषयी

मायनर लीगची नावं ऐकून पाहुणे हसतात. हसावंच. पण खाली गाव असतं. टोलीडोचे मड हेन्स हे त्या बाजूच्या दलदलीतल्या पाणकोंबड्या. अ‍ॅक्रन हे रबराच्या कारखान्यांचं गाव म्हणून रबरडक्स. लॅन्सिंग मोटारींचं म्हणून लगनट्स, चाकाच्या नटांवरून. पेनसिल्व्हेनियातल्या पोलादाच्या पट्ट्यातले आयर्नपिग्ज, कच्च्या लोखंडावरून. हार्टफर्डचे यार्ड गोट्स म्हणजे बकऱ्या नव्हेत, रेल्वे यार्डात डबे ढकलणाऱ्या इंजिनाला कामगारांनी दिलेलं नाव. अलाबामातला मॉन्टगमेरीचा संघ बिस्किट्स. तिथे मधल्या वेळात प्रेक्षकांत खरीखुरी बिस्किटं उडवतात. काही संघ एखाद्या दिवसापुरतं गावच्या पदार्थाचं नाव घेतात: आपल्या ट्रेंटनने पोर्क रोल हे नाव घेतलं होतं. कारखाना बंद पडला, दलदल बुजली, तरी नाव टीशर्टवर शिल्लक. कोल्हापूर मिसळ विरुद्ध नाशिक मिसळ असा सामना लावला तर स्टेडियम अपुरं पडेल, एवढंच माझं म्हणणं.

आठवी पायरी: खेळाडूकडे बघा

शर्यती, मास्कॉट, टीशर्ट उडवणारी तोफ हे सगळं बघून झालं की एक खेळाडू निवडा आणि तीन तास फक्त त्याच्याकडे बघा. या मुलांतले बहुतेकजण मेजर लीगपर्यंत पोहोचत नाहीत. तेही त्यांना ठाऊक असतं. २०२२ पर्यंत सिंगल-एचा किमान पगार वर्षाला ११,००० डॉलर होता. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या करारात तो २६,२०० झाला, ट्रिपल-एचा ३५,८००. राहण्याची सोय संघाने करायची हेही अगदी अलीकडचं. एडिसनमध्ये नव्या नोकरीवर आलेला मुलगा चौघांत घर भाड्याने घेतो, तसेच हेही राहत होते.

वरून खालीही लोक येतात. दुखापतीतून उठलेला मोठा खेळाडू सरावासाठी काही दिवस खाली खेळतो. २०२४ मध्ये यांकीजचा गेरिट कोल असा ब्रिजवॉटरला खेळून गेला. अशा पाहुण्याने सगळ्या संघाला चांगलं जेवण घालायचं ही जुनी रीत आहे.

आपल्याकडचे दोघे या वाटेने जाऊन आलेत. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतात वेगवान चेंडू फेकायची स्पर्धा झाली, त्यातून पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला आणि २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या सगळ्यात खालच्या लीगमध्ये खेळले. आधी दोघांनीही बेसबॉल हातात धरलेला नव्हता. रिंकू पुढची काही वर्षं टिकला, मग दुखापतींनी अडवला आणि नंतर डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला.

आणि मैदानात कुठेतरी ४२ हा आकडा दिसला तर थांबा. तो जॅकी रॉबिन्सनचा. १९९७ मध्ये मेजर लीगमधल्या सगळ्या संघांनी तो कायमचा बाजूला ठेवला. १९४७ मध्ये त्याने मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या आदल्या वर्षी, १८ एप्रिल १९४६ ला, तो मायनर लीगमध्ये मॉन्ट्रियल रॉयल्सकडून पहिल्यांदा उतरला, तो आपल्या जर्सी सिटीत, रूझवेल्ट स्टेडियमवर. पाचांपैकी चार वेळा त्याने यशस्वी फटका मारला, त्यात एक होम रन (आपला षटकार म्हणा), आणि मॉन्ट्रियल १४-१ ने जिंकलं. ते स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं. न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर आपण डोसे खायला जातो, त्याच शहरातली ही गोष्ट.

पाडलं गेलं नाही असं एक मैदान पॅटरसनला आहे: हिंचलिफ स्टेडियम, १९३२ चं, धबधब्याच्या शेजारी. गोऱ्यांच्या लीगची दारं बंद असताना काळे खेळाडू निग्रो लीगमध्ये इथे खेळले. पॅटरसनमध्येच वाढलेला लॅरी डोबी पुढे अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) पहिला काळा खेळाडू झाला. कित्येक वर्षं पडीक राहून २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं. धबधबा बघायला पाहुण्यांना नेताच ना, मग दोन पावलं पुढे जा.

चटक लागली तर

दूरच्या वारीसाठी तीन ठिकाणं. अलाबामात बर्मिंगहॅमचं रिकवूड फील्ड, १९१० चं, व्यावसायिक बेसबॉलची देशातली सगळ्यात जुनी वास्तू. पुढे महान ठरलेला विली मेज १९४८ मध्ये बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून इथे खेळला. २० जून २०२४ ला त्याच्या सन्मानार्थ मेजर लीगचा सामना इथे ठेवला होता आणि मेज दोन दिवस आधी वारला. डरहॅमला भिंतीवर मोठा लाकडी बैल आहे. चेंडू त्याला लागला तर खेळाडूला स्टेक मिळतो असा फलकच त्यावर लिहिलाय. ओहायोत डेटन ड्रॅगन्सने ९ जुलै २०११ ला सलग ८१५ वा सामना हाउसफुल करून एका बास्केटबॉल संघाचा विक्रम मोडला. तेव्हा तिथे आधी तिकीट, मग प्रवास.

र्‍होड आयलंडमधल्या पॉटकेटला आता जाऊन उपयोग नाही, संघ वूस्टरला गेला. पण गोष्ट सांगायलाच हवी. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री तिथे सुरू झालेला सामना संपेचना. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंगनंतर, थांबवला तेव्हा १९ प्रेक्षक उरले होते. उरलेला २३ जूनला खेळला; ३३ व्या इनिंगला संपला, ३-२. दोन्ही बाजूंना पुढे महान ठरलेली पोरं होती, वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन. मला मात्र त्या १९ जणांचं कौतुक. घरी काय सांगितलं असेल?

आमच्या बाबांनी पहिल्याच फेरीत ६ नंबर निवडला होता, शॉर्टस्टॉप. दुसऱ्या फेरीला त्याच्यासाठी वेगळं पान केलं. तिसऱ्या वेळी गेलो तर यादीत त्या जागी दुसरंच नाव. बाबांनी दोनदा चष्मा पुसला. शेजारी हंगामभराचं तिकीट असलेले एक म्हातारे गृहस्थ बसायचे, त्यांना विचारलं. ते खूश होऊन म्हणाले, "गेला की! परवा रात्री फोन आला, सकाळी ट्रिपल-एला." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, "विचार त्यांना, एवढ्या तडकाफडकी म्हणजे सामानाचं काय केलं त्याने?"